पोरगा तयार, कॅलेंडर तयार नाही!

अमेरिकेतल्या बेसबॉल क्लबांत दरवर्षी मार्चअखेरीस एकच वाद रंगतो. खालच्या लीगमध्ये धुमाकूळ घालणारं ते एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं आता मेजर लीगमध्ये आणायचं, की अजून थोडं मुरू द्यायचं? कोच म्हणतो आणा, पैशाचा हिशेब बघणारा म्हणतो थांबा, आणि प्रेक्षक विचारतात, वाट कसली बघताय? मेजर लीगमध्ये क्लब ३०. प्रत्येकाच्या खेळत्या संघात जागा २६. त्या जागांवर डोळा ठेवून बसलेली पोरं सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए अशा चार पायऱ्यांवर दाटीवाटीने उभी. यातलं कोण तयार आणि ते ठरवायचं कुणी, या प्रश्नाला बेसबॉलने आजवर दिलेली उत्तरं ऐकली की हसावं की कपाळाला हात लावावा तेच कळत नाही. त्यातली ही निवडक.

शून्यही नाही, शंभरही नाही

गावोगाव फिरून गुणी पोरं हेरणारा माणूस म्हणजे स्काउट. त्याच्या वहीतले मार्क सुरू होतात २० पासून आणि संपतात ८० ला. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू, ८० म्हणजे विरळा. फलंदाजाला विषय पाच : चेंडूला बॅट लावणं, ताकद, पळणं, फेकणं आणि क्षेत्ररक्षण. गंमत पुढेच आहे. प्रत्येक विषयात मार्क दोन, एक आजचा आणि एक उद्याचा. ‘४०, ६०’ असं लिहिलं असेल, तर पोरगा आज सरासरीच्या खाली आहे, पण पुढे चांगल्यांत गणला जाईल, असा अर्थ. या दोन आकड्यांमधलं अंतर कोणत्या तारखेला कापून होणार, ते मात्र कुठल्याच वहीत नसतं. ही पद्धत रुजवण्याचं श्रेय बहुतेक वेळा ब्रँच रिकी यांना दिलं जातं. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

एक दिवस कमी पडला!

शिकागो कब्सच्या क्रिस ब्रायंटने २०१५ च्या सराव सामन्यांत ९ होमरन ठोकले. त्या वसंतात इतके कुणाचेच नव्हते. तरी क्लबने सांगितलं, क्षेत्ररक्षण अजून कच्चं आहे, ट्रिपल-एला जा. मोसम ५ एप्रिलला सुरू झाला. १७ एप्रिलला ब्रायंटला बोलावणं आलं. बारा दिवसांत क्षेत्ररक्षण पक्कं झालं म्हणायचं!

खरी गोम क्लब आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या करारात होती. मेजर लीगच्या संघात १७२ दिवस काढले की सेवेचं एक वर्ष भरतं. अशी सहा वर्षं भरली की खेळाडू हव्या त्या क्लबशी बोलणी करायला मोकळा होतो. तोवर तो पहिल्या क्लबचाच, आणि तोही बाजारभावापेक्षा बराच स्वस्तात. ब्रायंटचे त्या वर्षी दिवस भरले १७१. एका दिवसाच्या फरकाने क्लबला त्याचं आणखी एक अख्खं वर्ष मिळालं.

पहिल्या सामन्यात ब्रायंट चारदा बॅट घेऊन आला, तीनदा स्ट्राइकआउट होऊन बाद झाला. मोसम संपताना मात्र तो वर्षातला सर्वोत्तम नवोदित होता. २०१६ मध्ये तो लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि कब्सनी १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. दिवसांच्या हिशेबाविरुद्ध त्याने दाद मागितली होती. २०२० मध्ये निकाल लागला, क्लबच्या बाजूने.

ऑनलाइन भाषणात फुटलं बिंग

जे सगळे क्लब मनात म्हणतात, ते सिएटल मॅरिनर्सचे अध्यक्ष केव्हिन मेथर तोंडाने बोलून बसले. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका रोटरी क्लबपुढे ऑनलाइन गप्पा मारताना त्यांनी कबूल केलं, की सेवेचे दिवस मोजले जाऊ नयेत म्हणून होतकरू पोरांना वर आणणं टाळलं. व्हिडिओ पसरला आणि मेथर यांची खुर्ची गेली.

त्या पोरांतला एक जॅरेड केलनिक. मे महिन्यात तो वर आला आणि चमत्कारच झाला, पण उलटा. लागोपाठ ३९ प्रयत्नांत एकही हिट नाही. बेसबॉलमध्ये फलंदाजीची सरासरी ०.३०० असली, म्हणजे दहांत तीनदा हिट मिळाली, तरी वाहवा होते. केलनिकची घसरली ०.०९६ वर. ७ जूनला त्याला पुन्हा ट्रिपल-एचा रस्ता दाखवला. म्हणजे अडवलं होतं पैशांसाठी, पण पोरगा खरोखरच तयार नव्हता. सबब खरी निघाली, तरी ती सबबच होती.

मग नियमानेच लावलं आमिष

या लपवाछपवीला आळा घालायला २०२२ च्या करारात दोन कलमं आली. नावाजलेला नवोदित सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत आला, तर त्याला सेवेचं पूर्ण वर्ष मिळणार, मग तो वर कधीही आलेला असो. आणि क्लबने त्याला पहिल्या दिवसापासून संघात ठेवलं व त्याने पुरस्कार जिंकला, तर नवी पोरं वाटून घेण्याच्या ड्राफ्टमध्ये क्लबला एक जादा निवड मिळणार.

या बक्षिसाचा पहिला मानकरी कोण? सिएटल मॅरिनर्स! त्यांनी २०२२ मध्ये ज्युलिओ रॉड्रिगेझला पहिल्याच दिवशी मैदानात उतरवलं, त्याने पुरस्कार पटकावला. पिट्सबर्गने मात्र २०२४ मध्ये पॉल स्कीन्सला ११ मेपर्यंत थांबवलं. तोही पुरस्कार जिंकला. पोराचं वर्ष भरलं, क्लबच्या हाती जादा निवड काही लागली नाही.

खेळण्याआधीच ८ कोटी

दिवस मोजायचा वैतागच नको, म्हणून काही क्लब सरळ चेकबुक काढतात. मिलवॉकी ब्रूअर्सने डिसेंबर २०२३ मध्ये जॅक्सन चोरिओशी आठ वर्षांचा ८ कोटी २० लाख डॉलर्सचा करार केला. तेव्हा तो १९ वर्षांचा होता आणि मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नव्हता. करार होताच तयारीबद्दलच्या शंका मिटल्या. २०२४ च्या मोसमात तो पहिल्या दिवसापासून संघात.

सरावात नापास

सराव सामन्यांवरून माणूस जोखायचा म्हटलं तर शोहेई ओतानी २०१८ मध्ये परत जपानला गेला असता. ३२ प्रयत्नांत हिट ४, सरासरी ०.१२५. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणून दर नऊ इनिंग्जमागे २७ धावा दिल्याची नोंद. हा अजून कच्चा आहे, ट्रिपल-एत पाठवा, असं म्हणणारे पुष्कळ होते. एंजल्स क्लबने ऐकलं नाही. मोसमाअखेरीस सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार ओतानीच्याच हातात होता.

ब्रायंट सरावात चमकला तर खाली गेला, ओतानी सरावात पडला तर वर राहिला. सराव सामन्यांची किंमत ही एवढीच.

पडद्यावरून आलं बोलावणं

मे १९५१. मिनियापोलिस मिलर्स हा खालच्या लीगमधला संघ आयोवातल्या सू सिटी या गावी आला होता. संघातला वीस वर्षांचा विली मेज थिएटरात सिनेमा बघत बसला होता. मध्येच घोषणा झाली, विली मेज इथे असेल तर त्याने ताबडतोब हॉटेलवर यावं. हॉटेलवर फोन तयार. पलीकडे न्यूयॉर्क जायंट्सचे मॅनेजर लिओ ड्युरोशर. मेज म्हणाला, मला नाही जमायचं तिथलं पिचिंग. ड्युरोशरनी विचारलं, सध्या सरासरी किती आहे? उत्तर आलं, ०.४७७. त्यावर ड्युरोशर काय बोलले असतील ते छापण्याजोगं नाही म्हणतात. माझ्यासाठी ०.२५० तरी काढशील ना, असा सौदा ठरला आणि पोरगा निघाला.

पहिल्या तीन सामन्यांत १२ प्रयत्न, हिट शून्य. मग वॉरन स्पॅनसारख्या दिग्गजाला एक होमरन, आणि पुन्हा दुष्काळ. २६ प्रयत्नांत एकच हिट. मेज रडत बसला, मला परत पाठवा म्हणाला. ड्युरोशरनी सांगितलं, मी इथे आहे तोवर सेंटर फील्डमध्ये तूच. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित मेजच ठरला. जायंट्सच्या मालकाने तर मिनियापोलिसच्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन तिथल्या चाहत्यांची माफी मागितली. तुमचा लाडका खेळाडू मोसमाच्या मध्यात उचलून नेला, याबद्दल!

बाप आला, बॅग भरायला लागला

त्याच वर्षी, त्याच शहरात, दुसरा पोरगा. न्यूयॉर्क यांकीजचा मिकी मँटल, वय १९. स्ट्राइकआउट वाढले तसं जुलैत त्याला कॅन्सस सिटीला खालच्या लीगमध्ये धाडलं. तिथेही जमेना. त्याने वडिलांना फोन केला, माझ्याने होत नाही, खेळ सोडतो.

मट मँटल ओक्लाहोमातल्या शिसं-जस्ताच्या खाणीत राबणारा माणूस. पोराने नाव काढावं म्हणून लहानपणापासून त्याला बॅट धरायला शिकवलेलं. तो गाडी घेऊन थेट हॉटेलवर आला. मिकीला वाटलं आता पाठीवरून हात फिरवेल. मटने एक शब्द धीराचा न बोलता त्याचे कपडे बॅगेत कोंबायला सुरुवात केली. चल घरी, खाणीत लाव हाताला काम. मिकी गयावया करून थांबला आणि कॅन्सस सिटीच्या एकूण ४० सामन्यांत त्याने सरासरी काढली ०.३६१. ऑगस्टमध्ये यांकीजनी परत बोलावलं. जाताना पाठीवर ६ नंबर होता, परतल्यावर मिळाला ७. पुढे हाच ७ नंबर यांकीजनी त्याच्या सन्मानार्थ कायमचा निवृत्त केला.

पंधराव्या वर्षी पदार्पण

दुसरं महायुद्ध चालू होतं, खेळाडू आघाडीवर गेले होते, संघांना माणसं मिळेनात. १० जून १९४४ रोजी सिनसिनाटी रेड्सने जो नक्सहॉल नावाचा पिचर उतरवला. वय १५ वर्षं. समोर सेंट लुइस कार्डिनल्स. पोराने दोघांना बाद केलं, पाच जणांना वॉक म्हणजे फुकटचा बेस दिला, दोन हिट खाल्ल्या आणि पाच धावा मोजून दिल्या. सामना १८-० असा गेला. परत यायला त्याला आठ वर्षं लागली. आला तेव्हा मात्र टिकला. निवृत्त होताना नावावर १३५ विजय होते.

नक्सहॉलच्या आधी, १९३६ मध्ये, क्लीव्हलँडच्या बॉब फेलरने सतराव्या वर्षी सुरुवातीचा पिचर म्हणून पहिल्याच सामन्यात १५ जणांना स्ट्राइकआउट केलं होतं आणि मोसम संपल्यावर तो शाळा पुरी करायला गावी गेला होता. वयावरून तयारी ठरत नाही, हे या दोघांनी दोन टोकांनी दाखवून दिलं.

तिकिटं खपली, पोरगं संपलं

१९७३. टेक्सास रेंजर्सचं मैदान ओस पडलेलं, तिजोरी रिकामी. क्लबने ड्राफ्टमधली पहिली निवड वापरून डेव्हिड क्लाइड हा अठरा वर्षांचा पिचर घेतला आणि शाळेतला शेवटचा सामना झाल्यावर वीस दिवसांनी, २७ जूनला, त्याला थेट मेजर लीगमध्ये उतरवलं. ३५ हजारांवर माणसं लोटली. पोराने पाच इनिंग्ज टाकल्या, आठ स्ट्राइकआउट, सात वॉक, हिट फक्त एक, आणि सामना जिंकला.

ठरलं होतं असं, की दोन सामने खेळवून त्याला खालच्या लीगमध्ये शिकायला पाठवायचं. पण तिकीट खिडकीवरची रांग बघून क्लबचा पाय निघेना. खांद्याची दुखणी, भरकटलेली वर्षं, आणि एकूण हिशेब १८ विजय, ३३ पराभव. १९७९ नंतर तो मेजर लीगमध्ये दिसला नाही. घाईची किंमत विचारली की बेसबॉलवाले आजही याचंच नाव घेतात.

नियम म्हणतो वर ठेवा, मग ठेवा

१९५० च्या दशकात नियम होता, नव्या खेळाडूला ४,००० डॉलर्सपेक्षा जास्त बोनस दिला तर त्याला दोन वर्षं मेजर लीगच्या संघातच ठेवायचं. तयार असो वा नसो. ब्रुकलिन डॉजर्सने १४,००० डॉलर्स बोनस देऊन सँडी कोफॅक्सला घेतलं आणि जागा करण्यासाठी टॉमी लासोर्डा नावाच्या पिचरला खाली पाठवलं. कोफॅक्सची पहिली सहा वर्षं चाचपडण्यात गेली, ३६ विजय आणि ४० पराभव. मग गाडी रुळावर आली ती अशी, की सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार तीनदा घेऊनच तिशीत निवृत्त झाला. लासोर्डा पुढे त्याच डॉजर्सचे वीस वर्षं मॅनेजर झाले. आपल्याला हलवायला इतिहासातला सर्वोत्तम डावखुरा लागला, असं ते मिरवून सांगत.

लपवाल तर चोरीला जाईल

पोरगा खाली दडवून ठेवण्यावर एक उतारा आहे : ‘रूल फाइव्ह’ ड्राफ्ट. चार-पाच वर्षं खाली ठेवूनही क्लबने कुणाला आपल्या ४० जणांच्या यादीत घेतलं नाही, तर दुसरा क्लब एक लाख डॉलर्स टाकून त्याला उचलू शकतो. अट एकच, पूर्ण मोसम त्याला मेजर लीगच्या संघात ठेवायचं.

या प्रकारातला सगळ्यात गाजलेला सौदा १९५४ चा. डॉजर्सनी खालच्या लीगमधल्या मॉन्ट्रियलच्या संघात ठेवलेला रॉबर्टो क्लेमेंटे पिट्सबर्गने तेव्हाच्या दराने ४,००० डॉलर्सना उचलला. क्लेमेंटेने पुढे ३,००० हिट्स केल्या, पिट्सबर्गला दोन वर्ल्ड सिरीज जिंकून दिल्या. हा डाव टाकणारे पिट्सबर्गचे जनरल मॅनेजर होते ब्रँच रिकी. डॉजर्समधून बाहेर पडलेलेच!

दुसऱ्याची मांडी, आपली संधी

२००१ च्या सराव सामन्यांत बॉबी बोनिया या अनुभवी खेळाडूच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि सेंट लुइसच्या संघात एक जागा रिकामी झाली. ती मिळाली तेराव्या फेरीत निवडलेल्या अल्बर्ट पुहोल्सला. खालच्या लीगमध्ये त्याचं एकच वर्ष झालं होतं, तेही बहुतेक सिंगल-एत. त्याने पहिल्याच मोसमात ३७ होमरन मारले. निवृत्त होताना आकडा होता ७०३. बोनिया धडधाकट असता तर? ट्रिपल-एत आणखी थोडं मुरू द्या, असंच कुणीतरी म्हणालं असतं.

पहाटे चार वाजता, १९ प्रेक्षक

पुढची जागा अडलेली असली, की तयार खेळाडूही सडतो. वेड बॉग्सने खालच्या लीगमध्ये सहा मोसम काढले. वर्षामागून वर्ष ०.३०० च्या वर सरासरी, तरी पळतो हळू, ताकद कमी, अशी कुरकुर. १८ एप्रिल १९८१ च्या रात्री तो पॉटकेटच्या संघातून रॉचेस्टरविरुद्ध खेळत होता. नऊ इनिंग्जचा सामना संपेचना. गारठा इतका, की खेळाडूंनी मोडक्या बॅटी जाळून शेक घेतला. २१ व्या इनिंगमध्ये रॉचेस्टरने आघाडी घेतली, तर बॉग्सने हिट मारून पुन्हा बरोबरी केली. मिठी मारावी की बुकलून काढावं, हे सहकाऱ्यांना कळेना!

पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी, ३२ इनिंग्ज झाल्यावर, खेळ थांबवला. तेव्हा प्रेक्षक उरले होते १९. जूनमध्ये ३३ वी इनिंग खेळवली आणि अठरा मिनिटांत निकाल लागला. पुढच्या वर्षी बॉग्स एकदाचा वर गेला आणि पहिल्याच मोसमात त्याने सरासरी काढली ०.३४९. रॉचेस्टरकडून त्या रात्री खेळणारा कॅल रिपकेनही त्याच्याप्रमाणेच हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला.

हवा पातळ, आकडे जाड

ट्रिपल-एचे आकडे जसेच्या तसे मानायचे नसतात. अल्बुकर्कचं मैदान समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवर. हवा विरळ, चेंडू लांब जातो, होमरन स्वस्त होतात. तिथले फटके बघून फलंदाज तयार म्हणावा तर फसगत, आणि तिथे मार खाल्ला म्हणून पिचर टाकून द्यावा तर तो अन्याय. या संघाचं नाव आयसोटोप्स. ते आलंय ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेतून. खालच्या लीगमधल्या नावांचा थाटच न्यारा : ट्रॅश पांडाज, जम्बो श्रिम्प, यार्ड गोट्स आणि चिवावाज हे सगळे खरेखुरे संघ आहेत.

जॉर्डनलाही सूट नाही

बास्केटबॉलचा सम्राट मायकल जॉर्डन १९९४ मध्ये थेट डबल-एच्या बर्मिंगहॅम बॅरन्समध्ये दाखल झाला. १२७ सामने, सरासरी ०.२०२, होमरन ३, स्ट्राइकआउट ११४. बेस चोरण्यात मात्र ३० वेळा यशस्वी. स्काउट मंडळी डबल-ए हीच खरी चाळणी मानतात. नुसत्या वेगवान चेंडूवर जगणारा पिचर आणि नुसत्या ताकदीवर जगणारा फलंदाज इथेच गळतो.

पदार्पणाआधी होमरन

ही गंमत फक्त बेसबॉलमध्येच घडू शकते. एकोणीस वर्षांचा हुआन सोटो २० मे २०१८ रोजी वॉशिंग्टनकडून पहिला सामना खेळला. त्याआधी डबल-एत त्याचे आठच सामने झाले होते. पण १५ मेचा एक सामना पावसाने अर्धवट राहिला होता. तो १८ जूनला पुढे चालू झाला, त्यात सोटोने होमरन मारला, आणि नोंद झाली १५ मेच्या तारखेला. म्हणजे त्या दिवशी जो खालच्या लीगमध्ये होता, त्याचा मेजर लीगमध्ये होमरन!

वरून थेट तळाला

रॉय हॅलाडे १९९८ मध्ये टोरंटोकडून दुसऱ्याच सामन्यात एकही हिट न देता शेवटच्या फलंदाजापर्यंत पोहोचला होता. २००० मध्ये त्याचं सगळंच बिघडलं, दर नऊ इनिंग्जमागे १०.६४ धावा. क्लबने त्याला एक पायरी नव्हे, तळाशी सिंगल-एत पाठवलं. कोच मेल क्वीन यांनी चेंडू टाकताना हात किती उंचावरून यावा, इथपासून सगळं नव्याने बसवलं. पत्नी ब्रँडीने मनाच्या तयारीवरचं एक पुस्तक आणून दिलं. २००३ आणि २०१० मध्ये साय यंग पुरस्कार त्याचा होता. २०१० मध्येच त्याने एकही फलंदाज बेसवर पोहोचू न देता अख्खा सामना टाकला. तयारी एकदा होऊन कायमची टिकते, असं वाटणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

तयार होता, दार बंद होतं

कुणी किती तयार आहे, हा प्रश्न कित्येक वर्षं काही खेळाडूंना विचारलाच गेला नाही, कारण त्यांचा रंग काळा होता. जॅकी रॉबिन्सन १९४६ मध्ये मॉन्ट्रियलकडून ०.३४९ सरासरी काढून आपल्या लीगमध्ये अव्वल ठरला आणि १९४७ मध्ये, २८ व्या वर्षी, त्याने डॉजर्सकडून वर्णभेदाची भिंत पाडली. सॅचेल पेज हा तर त्या काळातला भल्याभल्यांना भारी पडणारा पिचर. त्याला मेजर लीगचं दार उघडलं जुलै १९४८ मध्ये, बेचाळिसावा वाढदिवस साजरा झाल्यावर दोन दिवसांनी. त्या मोसमात त्याने ६ सामने जिंकले, १ हरला, आणि क्लीव्हलँडने वर्ल्ड सिरीज जिंकली. १९६५ मध्ये वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी त्याने पुन्हा तीन इनिंग्ज टाकल्या आणि हिट दिली फक्त एक. या माणसाची उमेदीची वीस वर्षं खेळाने वाया घालवली.

तेरा वर्षं, एक संध्याकाळ

ड्रू मॅगीला ड्राफ्टमध्ये घेतलं २०१० ला. त्यानंतर तेरा मोसम आणि अकराशेहून अधिक सामने तो खालच्या लीगमध्ये खेळला. २०२१ मध्ये एकदा वर बोलावणं आलं, पण बाकावर बसवूनच परत पाठवलं. २६ एप्रिल २०२३ ला, ३३ व्या वर्षी, पिट्सबर्गच्या मैदानात तो बॅट घेऊन आला, तेव्हा स्टेडियम उभं राहिलं. स्ट्राइकआउट झाला, तरी टाळ्या थांबल्या नाहीत. तीन दिवसांनी पहिली हिट मिळाली.

टेक्सासमधले विज्ञानाचे शिक्षक जिम मॉरिस यांची गोष्ट याहून फिल्मी. शाळेच्या संघाने पैज लावली, आम्ही स्पर्धा जिंकली तर सर, तुम्ही निवड चाचणी द्यायची. पोरं जिंकली. सरांनी ताशी ९८ मैलांनी चेंडू टाकला आणि १९९९ मध्ये, ३५ व्या वर्षी, मेजर लीगमधल्या पहिल्याच फलंदाजाला स्ट्राइकआउट केलं.

भालाफेकपटू बेसबॉलमध्ये

उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल भालाफेक करायचे, बेसबॉल त्यांनी पाहिलाही नव्हता. एका टीव्ही स्पर्धेतून निवडले जाऊन २००८ मध्ये पिट्सबर्गशी करारबद्ध झाले. मेजर लीग दोघांनाही गाठता आली नाही. रिंकू सिंगल-एपर्यंत चढला, दुखापतींनी अडला, आणि पुढे कुस्तीच्या रिंगणात वीर महान या नावाने गाजला. भारतीय वंशाच्या आईचा मुलगा कुमार रॉकर मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये टेक्सास रेंजर्सकडून मेजर लीगमध्ये उतरला.

वीसपट पगाराचा उंबरठा

२०२३ मध्ये ट्रिपल-एतल्या खेळाडूचा किमान वार्षिक पगार होता ३५,८०० डॉलर्स. मेजर लीगमधला किमान, ७ लाख २० हजार. मधे एक पायरी, फरक वीसपट. क्षेत्ररक्षण अजून कच्चं आहे, हे ऐकून पोरांना राग का येतो, ते आता कळलं असेल.

मग ठरवायचं तरी कसं?

खरं सांगायचं तर खालच्या लीगमध्ये तयारी जोखता येते, सिद्ध करता येत नाही. ती सिद्ध होते वर गेल्यावरच, आणि वर कधी न्यायचं हे पोराच्या हातात नसतं. तेव्हा पुढच्या वेळी एखादा नवा चेहरा मेजर लीगमध्ये दिसला तर दोन गोष्टी करा. तो कोणत्या तारखेला आला आणि कुणाच्या जागी आला, हे आधी बघा. निम्मी गोष्ट तिथेच उलगडते. आणि पहिल्या दोन आठवड्यांवरून मत बनवू नका. २०२४ मध्ये बाल्टिमोरचा बहुचर्चित जॅक्सन हॉलिडे ३४ प्रयत्नांत दोनच हिट मिळवून खाली गेला होता. ३१ जुलैला परत आला, तेव्हा त्याचा पहिलावहिला होमरन निघाला चार धावांचा.